अनुभव धागा: बाळ सांभाळायचं काम सोडताना आधी सांगितलं, मग काय झालं?

"बाई न सांगता गेली" ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. ज्यांनी आधी सांगितलं त्यांचं काय झालं, ते लिहा. काम करणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरी कुणी काम करतं त्यांनीही. कुणाचं नाव नको.

कोथरूड
माझी बारा तासांची ड्यूटी होती. लेकीचं बाळंतपण जवळ आलं म्हणून वहिनींना महिनाभर आधी सांगितलं. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दारातच म्हणाल्या, "आजपासून येऊ नका, आमचं आम्ही बघतो." पगार मागितला तर दहा तारखेला या. दहाला गेले तर साहेब बाहेरगावी. शेवटी शेजारच्या काकू मध्ये पडल्या तेव्हा अर्धा मिळाला. बाळ आतून "माऊ, माऊ" करत होतं, त्याला बघूसुद्धा दिलं नाही. आता पगार हातात पडल्याशिवाय मी सोडायचं तोंडातून काढत नाही.

नाशिक
आमच्या मावशींनी गावी जायचं सांगितलं तेव्हा पोटात गोळाच आला, आम्ही दोघंही नोकरीवाले. पण नवीन ताईंना आम्ही मावशी असतानाच बोलावलं. मावशींनी त्यांना खिमटी किती पातळ लागते, झोपवताना पाठीवर कुठे थोपटायचं, सगळं करून दाखवलं. मुलगा चार दिवस रडला, मग रुळला. दिवाळीचा बोनस झालेल्या महिन्यांच्या हिशेबाने दिला. तो त्यांचा हक्कच होता.

ठाणे
आईच्या वतीने लिहितेय. सोडते म्हटल्यावर लगेच पगारवाढ देऊ केली. वर्षभर मागत होती तेव्हा "बघू".

पनवेल, घरकामगार संघटनेचं काम करते
महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. तो नोंदणी आणि कल्याणकारी लाभांपुरता. किती दिवस आधी सांगायचं, हे त्यात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2011 च्या घरकामगार करारात नोटिशीची मुदत आधीच कळवण्याचा मुद्दा आहे, पण भारताने तो मान्य केलेला नाही. म्हणून कामाला लागतानाच ठरवा: दोन्हीकडून किती दिवस, उचल कशी फिटणार, आणि मालकांनी लगेच थांबवलं तर त्या दिवसांचा पगार. व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलं तरी चालेल. कोथरूडच्या ताई, झालेल्या कामाचा पगार अडवता येत नाही. तुमच्या भागातल्या संघटनेकडे जा, सोबत काकूंना घ्या.