सल्ला हवा: कोकणातल्या दंतकथांवर कॉस्मिक हॉरर कॅम्पेन, भीती टिकवायची कशी?

शिवडी_खाडी
नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. दोन वर्षं दर दुसऱ्या रविवारी डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आणि बोलून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळतोय, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच. एक जण विरारहून येतो, एक पनवेलहून, म्हणून दादरला एका मैत्रिणीच्या घरी जमतो, दुपारी ३ ते ७. आता सगळ्यांनाच ड्रॅगन आणि तळघरांचा कंटाळा आलाय. मला कॉस्मिक हॉरर, म्हणजे माणसाची दखलही न घेणाऱ्या अफाट शक्तींची भयकथा, चालवायचंय, पण अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातलं नको, आपल्याकडचं हवं. माझं आजोळ मालवण तालुक्यात. वेताळ, देवचार, चकवा, गिऱ्हा हे ऐकतच मोठा झालो.

गणपतीआधी एक वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारी गोष्ट, करून पाहिला. पिंपळाच्या पारावर मुंजा. दिवे मंद केले, पावसाचा आवाज लावला, वर्णनाला सुरुवात केली, आणि तिसऱ्या मिनिटाला पनवेलकराने विचारलं, "याची सोडमुंज करून टाकली तर सुटेल ना?" उत्तर बरोबर होतं! मुंज झाली आणि सोडमुंजीआधी पोर गेलं की त्याचा मुंजा होतो, हे घरोघरी माहीत. पुढचे दोन तास सगळे भटजी शोधत होते. सेशन वाईट झालं नाही, पण कुणी घाबरलं नाही, आणि मला ते फार लागलं. मी त्या गोष्टी ऐकून रात्री अंगणात जायचो नाही.

तर सिस्टिम, म्हणजे खेळाचे नियम, कोणती घ्यावी? ओळखीच्या भुताची भीती परत कशी आणायची? आणि आठ-दहा सेशन्सची कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी गोष्ट, असेल तर मुंबई त्यात कशी बसवायची?

टक्केवारी
सिस्टिमचं उत्तर सोपं आहे. कॉल ऑफ कथुलू, सातवी आवृत्ती. केऑसियमने हा गेम १९८१ साली काढला, गाभा अजून तोच आहे. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, शंभरातला आकडा तुमच्या स्किलच्या आत आला की काम जमलं. क्विक-स्टार्ट नियम त्यांच्या साईटवर फुकट मिळतात, त्यातच 'द हॉन्टिंग' नावाचं तयार प्रकरण आहे. ते एकदा जसंच्या तसं चालवा, मग पुस्तकांवर पैसे खर्च करा.

सॅनिटीचा, म्हणजे पात्राचं मन किती ताळ्यावर आहे त्या आकड्याचा, भाग मात्र घाईत वाचू नका. एका फटक्यात पाच किंवा जास्त सॅनिटी गेली की बुद्धीचा रोल मारायचा. तो जमला, तर माणूस काही काळ भ्रमिष्ट होतो. नाही जमला तर वाचला, कारण समोर काय होतं ते त्याला कळलंच नाही. या गेमचं सगळं मर्म मला त्या एका रोलमध्ये दिसतं.

देवराई
तुमचा मुंजा का फसला ते सांगतो, कारण माझाही असाच फसला होता.

आपल्या दंतकथा व्यवहाराच्या असतात. प्रत्येकाशी काहीतरी ठरलेलं असतं. आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा. देवचाराचा मान त्याला दिला की तो वाट दाखवतो. आचऱ्याची गावपळण बघा: कौल मिळाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहायला जातं. यात धाक आहे, पण आपल्याला जागाही आहे. देव आपल्याला ओळखतो, गाऱ्हाणं ऐकतो. कॉस्मिक हॉररमध्ये समोरच्याला आपण आहोत हेच माहीत नसतं. म्हणून दोन्ही एकत्र आणायचं असेल तर नवं भूत शोधू नका. जुना करार मोडा. आणि मोडण्याआधी तो दोन सेशन्स नीट पाळला जाताना दाखवा, नाहीतर काय मोडलं ते कुणाला जाणवणार नाही.

आम्ही खेळलो ती गावपळणीचीच गोष्ट होती. गाव मी रचलेलं, माणसं परळच्या चाळीत राहणारी, गावपळण लागली म्हणून रात्रीच्या एसटीने निघालेली. पहिल्या सेशनला मी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा…" आणि प्रत्येक मागणीनंतर चारही प्लेयर्सनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सुरुवातीला हसले. दुसऱ्या सेशनपर्यंत अंगवळणी पडलं, सूर लागला. तिसऱ्याला गाव रिकामं, आणि हे चौघं घरात राहिलेली एक वस्तू आणायला वेशीच्या आत परतलेले. काळोख. एकाने स्वतःहून सांगितलं, गाऱ्हाणं घालूया. मी घातलं. चौघं "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी जरा थांबलो आणि सांगितलं, "पाच आवाज आले."

पुढे काही बोललो नाही. एकीने हातातला फासा खाली ठेवला आणि मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, खरोखरच्या दाराकडे. त्यानंतर उरलेल्या कॅम्पेनमध्ये ते शब्द कुणी उच्चारले नाहीत. मी कुणाला मनाई केली नव्हती. ज्याचा आधार वाटायचा त्याचीच धास्ती बसली होती.

अजून एक. नाव देऊ नका. "वेताळ" म्हटलं की प्लेयरच्या डोक्यात उपाय तयार. दात, नखं, डोळे यांचं वर्णनही टाळा, एखादी नेहमीची गोष्ट जराशी बिघडलेली दाखवा. देवळात वाहिलेल्या चपला झिजल्यात, पण तळ कोरा आहे, झिजलीय ती आतली बाजू. इतकं पुरतं.

अंधेरी_पश्चिम
पहिल्या सेशनआधी सगळ्यांना घेऊन गिल्बर्ट हिलला जा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे उभे खांब, साठेक मीटर उंच, सरळसोट. वर गावदेवीचं देऊळ, चारी बाजूंनी वस्ती आणि इमारती. पायथ्याशी उभं राहून वर बघायचं. माणूस नावाची गोष्ट पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधी हा दगड थिजून उभा होता. ज्या अथांग काळाबद्दल या प्रकारातले लेखक पानंच्या पानं लिहितात, तो आपल्याकडे रिक्षाने जाता येईल इतका जवळ आहे.

पुरावा_हवा
भीतीबद्दल सगळे बोलतील, मी तपासाबद्दल बोलतो, कारण या कॅम्पेन्स तिथेच मरतात. ग्रंथालयात रोल फसला, धागा हाती लागला नाही, सगळे गप्प बसून जीएमकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे, बघतायत. ट्रेल ऑफ कथुलूमध्ये यावर चांगला उपाय आहे. २००८ चा गेम, गमशू नावाची सिस्टिम. योग्य स्किलचा माणूस योग्य जागी पोचून शोधायला लागला की महत्त्वाचा धागा मिळतोच, रोल नाही. हा नियम बिनदिक्कत कथुलूत घ्या. रोल ठेवायचा तो किंमत ठरवण्यासाठी: किती वेळ गेला, कुणी पाहिलं. आणि प्लेयर्सनी जो निष्कर्ष काढलाच पाहिजे, त्याकडे नेणाऱ्या किमान तीन वाटा ठेवा. एक त्यांना दिसणार नाही, एकीचा ते भलताच अर्थ लावतील.

हँडआउट, म्हणजे प्लेयर्सच्या हातात द्यायचा कागद, मोडीत करा, माझा आग्रह आहे. मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळ सलग चालते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. मी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर एक जुनं देवस्थानचं पत्र केलं होतं. शेवटची ओळ सलग: देवनाही. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाने ती वाचली "दे वनाही", म्हणजे रानालाही त्याचा वाटा दे. मंडळींनी तीन सेशन्स इमानदारीत रानाला वाटा दिला. मग एका मुलीने कागद पुन्हा हातात घेतला, आणि मी न सांगता तिने ती ओळ दुसरीकडे तोडून वाचली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

चाळ_नंबर_तीन
मुंबईबद्दल. तुम्ही दंतकथा म्हणताय तर पेंड्रागॉनकडेही बघा. १९८५ चा, ग्रेग स्टॅफर्डचा. किंग आर्थरच्या सरदारांचा गेम आहे, कॉस्मिक हॉररशी काही संबंध नाही. पण त्याची एक युक्ती अप्रतिम आहे: साधारण एका साहसाला एक वर्ष, मधे हिवाळा, त्यात शेती, लग्न, मुलं, आजारपण. सरदार म्हातारा होतो, मरतो, मग त्याचा मुलगा खेळायला घ्यायचा. तीच चाल एका कोकणी कुटुंबाला लावा. आठ-दहा सेशन्समध्ये चार पिढ्या आरामात बसतात.

मी अशी मांडेन. १८८८: कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली वैतरणा आगबोट, विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला वीजळी म्हणायचे. नोव्हेंबरात काठेवाडच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली, सातशेहून जास्त माणसं होती, अवशेष हाती लागले नाहीत. गुजरातीत तिच्यावर लोकगीतं आहेत, म्हणजे दंतकथा आयती. मग १८९६: मुंबईत प्लेगचं निदान झालं ते डॉ. अकासियो व्हिएगास यांनी, आणि कुठे, तर मांडवीत. आपल्या बंदराजवळच्या. इतिहासात हा निव्वळ नावांचा योगायोग आहे. तुमच्या टेबलावर मात्र आठ वर्षांनी एका मांडवीहून निघालेलं काहीतरी दुसऱ्या मांडवीला पोचलं.

तिसरी पिढी १९२०च्या दशकात, कथुलूचा नेहमीचा काळ. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या, आणि बॅकबेचा भराव चालू होता. या भरावातच माझा जीव अडकलाय. बंदरातला गाळ उपसून समुद्र बुजवायचा, आणि तो गाळ भिंतीतून पुन्हा समुद्रात निघून जायचा. के. एफ. नरिमन यांनी तो घोटाळा वेशीवर टांगला. तुमच्या खेळातले तपासनीस त्यांच्यासारखेच हिशेबाच्या वह्या तपासायला जातील, आणि त्यांच्या लक्षात येईल की गाळ ओहोटीच्या उलट दिशेने चाललाय.

शेवट १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकिन बोटीवर कापूस, स्फोटकं आणि सोन्याच्या विटा. स्फोटाची नोंद शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. पुढे कित्येक वर्षं गाळ काढताना विटा सापडत राहिल्या. चारही काळांतला दुवा तुम्हाला दिसलाच असेल: गाळ.

भाऊचा_धक्का
वरचं सगळं आवडलं, पण दोन गोष्टी कळकळीने सांगायच्यात.

खऱ्या दुर्घटना घेताना टेबलावर कोण बसलंय ते आधी विचारा. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. माझ्या आजीचा थोरला भाऊ त्यात होता. आमच्या घरी अजून त्या दिवशी कुणी प्रवासाला निघत नाही. एका सेशनमध्ये ही बोट अचानक पुढ्यात आली तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. जीएमचा हेतू वाईट नव्हता, पण त्याने विचारलं नव्हतं. सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू करण्याआधीच्या बैठकीत, प्रत्येकाकडून विचारून घ्या, काय अजिबात नको आणि काय पडद्याआड चालेल. टेबलावर एक्स-कार्ड ठेवा. कुणी त्याला हात लावला की तो भाग सोडायचा, कारण विचारायचं नाही.

दुसरं, गुप्त पंथ कुणाचा ते विचार करून ठरवा. कथुलू ज्याच्या कथांतून आला त्या अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टच्या कथांत खलाशी, परके, गोऱ्या कातडीचे नसलेले हेच पुजारी असतात. तो त्याचा वंशद्वेष होता, त्याला दुसरं नाव नाही. मुंबईत हे जसंच्या तसं आणलंत तर ते कोळ्यांवर, सिद्दींवर, आदिवासींवर येऊन पडेल. भरावाचे शेअर्स घेणारी मंडळी वाईट आहेत असं दाखवा की. ती इंग्रजीत मिनिट्स लिहितात, वेळेवर येतात, आणि गाळाला दर तिमाहीला काय द्यायचं यावर ठराव पास करतात.

शिवडी_खाडी
सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊचा धक्का, तुमचा प्रतिसाद वाचून यादी बदलली. सेशन झिरोला विचारलं तर विरारकराने बुडण्याची दृश्यं नकोत असं सांगितलं. दोन वर्षांत मला हे माहीत नव्हतं. वीजळी आता किनाऱ्यावरून खेळतोय: बोटीत कुणीच नाही, सगळे धक्क्यावर वाट बघणारे नातेवाईक.

देवराई, एक विचारायचं होतं. गाऱ्हाणं मालवणीत घालू की प्रमाण मराठीत? दोघी पुण्याकडच्या आहेत.

देवराई
मालवणीतच. अर्थ थोडा निसटला तरी चालेल, ताल निसटता कामा नये. आणि कुठल्याही खऱ्या देवस्थानाचं गाऱ्हाणं उचलू नका. ती लोकांची रोजची श्रद्धा आहे, तुमच्या देवाचं तुम्ही नवं रचा.

शिवडी_खाडी
काल पहिलं सेशन झालं. १८८८, धक्का, बोट तीन दिवस उशिरा. पनवेलकराने सवयीने विचारलं, "समुद्राला नारळ दिला तर?" मी म्हटलं, दे. पहिला नारळ दिला, वारा पडला. सगळे खूश. सेशन संपताना त्याने दुसरा दिला. मी सांगितलं की लाट तो परत घेऊन आली, तुझ्या पायाशी. त्याने उचलला, कानाशी धरून हलवला, मग दगडावर फोडला. आत पाणी नव्हतं. काळा, बारीक, ओला गाळ होता, काठोकाठ.

"आता?" त्याने विचारलं. मी काहीच उत्तर दिलं नाही. सात वाजून गेले होते, तरी विरारकर बॅग खांद्याला लावून तिथेच उभा राहिला, आणि दोन गाड्या सोडून तिसरीने गेला.