निबंधात विरोधी मुद्दा घातला की आपलीच बाजू पडते काय?

खानापूरचं_पोरगं:
बीएडचा निबंध लिहूलालोय, 'प्राथमिक शिक्षण सक्तीनं मातृभाषेतच हवं'. चार पानं झाली, सरांनी कडेला पेन्सिलनं एवढंच लिहिलं, दुसरी बाजू कुठाय? आता दुसरी बाजू म्हणजे आमची गल्लीच की ओ, सगळी पोरं सकाळी व्हॅनमधनं इंग्लिश मीडियमला जात्यात. मी एक ओळ घातलोय, 'काही पालक देखाव्यापोटी इंग्रजी शाळा निवडतात, ते चूक आहे'. पुरेल काय?

जुना_मास्तर:
नाही पुरत. हे बुजगावणं उभं करून त्यालाच बडवणं झालं. पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, असा मांडावा की व्हॅनला हात करणारी तुमची शेजारीण वाचून म्हणेल, होय, माझं म्हणणं हेच. तिला देखावा नको असतोय बाबा, पुढं कॉलेज इंग्लिशमधे आहे म्हणून तिचा जीव खालीवर होतोय. ते आधी लिही, मग उत्तरपक्ष, म्हणजे त्यावर तुझं उत्तर.

कोर्टाच्या_पायरीवर:
आणि सगळ्यात टणक मुद्दा तर तू दडवलासच. कर्नाटक सरकारनं १९९४ ला आदेश काढला होता, पहिली ते चौथी मातृभाषा किंवा कन्नडमधनंच शिकवा म्हणून, आणि २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की माध्यमाची अशी सक्ती सरकारला करता येत नाही, पालकांनी निवडायचं. परीक्षक हेच विचारणार. पण नीट वाच, कोर्टानं सक्ती मोडली, मातृभाषेतनं शिकणं वाईट असं म्हटलं नाही. उलट घटनेत कलम ३५० अ आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळायची सोय राज्यानं करावी असं. ते १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं, म्हणजे आपला बेळगाव-खानापूर भाग म्हैसूर राज्यात, आताच्या कर्नाटकात, गेला त्याच वर्षी. सक्ती वेगळी, सोय वेगळी.

खानापूरचं_पोरगं:
अरे देवा, माझ्या शीर्षकातच 'सक्तीनं' हाय की!

जुना_मास्तर:
मग काढ तो शब्द. विरोधी मुद्दा खरा असला की आपलं विधान तेवढं आवरून घ्यायचं, त्यात कसली लाज. कॉलेजच्या इंग्लिशचा मुद्दा पण पुरता खोडू नको, खोडता येत नाही तो. मान्य कर आणि पहिलीपासून इंग्लिश एक विषय म्हणून चांगलं शिकवा म्हण. आणि हे सगळं शेवटच्या परिच्छेदात कोंबू नकोस, जिथला आक्षेप तिथंच उत्तर.

खानापूरचं_पोरगं:
शीर्षक बदललो, 'मातृभाषेतल्या शिक्षणाची सोय' केलो. शेजारच्या काकूंना पूर्वपक्ष वाचून दाखवलो, म्हणाल्या, 'आमच्या बाजूचं बरं लिहिलास की रे, आता पुढचं वाचू नको.'