म्युझियममधलं 'स्त्रीजीवन' आणि मतदानाचा हक्क: "देण्यात आला" असं का लिहितात?

निळीशाई
बरेच दिवस डोक्यात आहे ते लिहूनच टाकते. म्युझियममध्ये 'स्त्रीजीवन' नावाचं दालन असतं ना, तिथे बहुतेक वेळा पाळणा, शिलाई मशीन, दागिने, एखादा लग्नातला पोशाख आणि खाली पाटी, "स्त्रीचा पोशाख, १९ वे शतक". कोणत्या स्त्रीचा? नाव नाही. शेजारच्या दालनात तलवार असली की मात्र तिचा मालक, त्याची लढाई, सगळं. आणि मताधिकाराचा विषय आला की एका पॅनेलवर एक ओळ, "१९१८ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क देण्यात आला". देण्यात आला, जणू कोणी ताटात वाढला. त्या ओळीत हेही नसतं की १९१८ ला फक्त तिशीच्या पुढच्या आणि मालमत्तेची वगैरे अट पूर्ण करणाऱ्या बायकांनाच मत होतं, पुरुषांसारखं २१ व्या वर्षी मत द्यायला १९२८ उजाडलं. माझं स्पष्ट मत आहे, पाळणे आणि भांडी कमी करा आणि ती जागा चळवळीला द्या.

जुनीकाच
पाटीबद्दल १००% सहमत पण भांडी कमी करा हे अजिबात पटलं नाही. न्यूझीलंडचंच बघा, १८९३ मध्ये देशपातळीवर बायकांना मत मिळालेला पहिला देश. त्या वर्षी मताची मागणी करणाऱ्या सगळ्या अर्जांवर मिळून जवळजवळ ३२ हजार सह्या होत्या आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या अर्जाचे पाचशेहून जास्त कागद तिथल्या चळवळीची पुढारी केट शेपर्डने एकाला एक चिकटवले, २७० मीटरच्या वर लांबी झाली, आणि ती गुंडाळी केली कशावर तर झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर! बायकांच्या बाजूचे खासदार सर जॉन हॉल यांनी ती संसदेत जमिनीवर उलगडली आणि टोकाचा दांडा भिंतीवर जाऊन आपटला असं सांगतात. आता हा झाडू घरगुती वस्तूंत ठेवणार की राजकारणात? घरं फिरून सह्या गोळा झाल्यात हो, घर काढून टाकलं तर चळवळ कुठून आली तेच कळणार नाही.

निळीशाई
झाडूचं खरंच माहीत नव्हतं, भारी आहे. पण बघा, केट शेपर्ड हे नाव त्याच्याशी जोडलेलं आहे म्हणून तो दांडा बोलतो. नुसता "झाडू, १९ वे शतक" लिहिलं असतं तर?

सरळरेषा
मी दोघांशीही असहमत. एक तर "देण्यात आला" यात चूक काय आहे? कायद्याने देणारे पुरुषच होते. स्वित्झर्लंडमध्ये तर चक्क पुरुषांचं सार्वमत घेतलं, १९५९ ला ते नाही म्हणाले, १९७१ ला हो म्हणाले. जे घडलं ते लिहायचं, आपल्याला आवडेल ते क्रियापद नाही. दुसरं, सगळ्या बायका मताधिकाराच्या बाजूने होत्या असं चित्र उभं करणं हेही खोटंच. १९०८ ला ब्रिटनमध्ये मताधिकाराला विरोध करणारा बायकांचाच संघ निघाला, मिसेस हंफ्री वॉर्ड यांच्यासारखी नावाजलेली लेखिका त्यात पुढे होती. ते कुठल्या शोकेसमध्ये ठेवणार? आणि आंदोलक बायकांनी फोडलेल्या काचा, तुरुंग, मोर्चे हेच लोकांसमोर येतं कारण ते बघायला थरारक आहे, कायदेशीर मार्गाने मताधिकार मागणाऱ्या मिलिसेंट फॉसेटच्या संघटनेने वर्षानुवर्षं पत्रं लिहून, सभा घेऊन जे शांतपणे केलं त्याच्यापुढे कोण थांबतं?

उंबरठा
फॉसेटबद्दल मान्य, विरोधी संघाची पत्रकंही नक्की लावा, मला ती बघायला आवडतील. पण तुमचं स्विस उदाहरण अर्धं आहे. आपेनझेल इनररोडन या कँटनमध्ये (म्हणजे तिथल्या एका राज्यात) पुरुष स्थानिक मतदानाला नाहीच म्हणत राहिले, तिथल्या बायका कोर्टात गेल्या आणि १९९० ला केंद्रीय कोर्टाने तो हक्क द्यायला लावला. याला "देण्यात आला" म्हणायचं?
आणि वस्तूंबद्दल बोलतोय तर, इंग्लंडमध्ये वेस्ट होथली गावात प्रीस्ट हाउस नावाचं छोटं म्युझियम आहे, तिथे एक रुमाल आहे. १९१२ मध्ये लंडनच्या होलोवे तुरुंगात असलेल्या सफ्राजेट, म्हणजे मताधिकारासाठी आक्रमकपणे लढणाऱ्या बायकांनी त्यावर भरतकाम केलंय. फुलं नाहीत, सह्या, ६६ जणींच्या. उपोषण करणाऱ्यांच्या नाकातोंडात नळी घालून जबरदस्तीने अन्न घालायचे तो काळ. भरतकाम म्हणजे मुलींना गप्प बसवायचं काम समजायचे आणि यांनी त्याच सुईने नाव लिहिलं. मी याचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ ती नावंच वाचत बसले होते.

दोनओळी
नावाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून. भारतात १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सगळ्या प्रौढ बायकांना पहिल्यापासून मत होतं, पण यादीत नाव लिहायला गेल्यावर बऱ्याच जणींनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि जवळजवळ २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. म्युझियमची पाटी तीच चूक करते, "अमुक सरदाराच्या पत्नीचा शालू". हक्क कागदावर असून माणूस नाहीच.
आणि नुसती नावं दिली की झालं असंही नाही, कोणाची दिली ते बघा. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, स्टँटन, अँथनी आणि मॉट या मताधिकार चळवळीतल्या तिघींचा संगमरवरी पुतळा १९२१ मध्ये आला, लगेच खालच्या तळघरात गेला आणि वर रोटंडात (घुमटाखालच्या मुख्य दालनात) परतला १९९७ ला. परतला तेव्हाही त्यात कृष्णवर्णीय बाई एकही नाही. १९१३ च्या वॉशिंग्टन मोर्चात कृष्णवर्णीय पत्रकार इडा बी. वेल्सना मागे चालायला सांगितलं होतं, त्या ऐकल्या नाहीत, मध्येच आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत शिरल्या.

सरळरेषा
आपेनझेलचं मान्य, तिथे माझा शब्द लागू होत नाही. पण नावांबाबत माझी एक अडचण आहे, पाळणा ज्या घरातून आला त्या बाईचं नाव कुठे लिहिलेलंच नसेल तर? भावनेच्या भरात कोणतंही नाव चिकटवणं मला चालणार नाही.

निळीशाई
नाव मुळीच चिकटवू नका. "वापरणाऱ्या स्त्रीचे नाव नोंदवलेले नाही" एवढं पाटीवर लिहा आणि वस्तू कोणी दिली, कोणत्या साली दिली, तेव्हा नोंदवहीत कोणाचं नाव लिहिलं तेही लिहा. आणि हो, जुनीकाच, पाळणे राहू देत, माझं ते मागे घेते. रुमालाला मात्र मी पाळण्याच्या दालनात नाही, तलवारीच्या दालनात ठेवीन.