तुमच्या घरात पैसा कोणत्या वारी यायचा?

'पैसे जपून वापर' हे आपल्यापैकी प्रत्येकाला हजारदा सांगितलेलं आहे. तरी एकाचा पगार दहा तारखेला संपतो आणि दुसऱ्याला गरजेचा खर्चसुद्धा करवत नाही. मला वाटतं, सांगण्यानं फार फरक पडत नाही. लहानपणी घरात पैसा कधी आणि कसा यायचा, कुणाच्या हातात पडायचा, त्यानुसार आपला हात वळतो. सोलापुरात हे फार जाणवतं, कारण इथे एका गल्लीत रोजाचा, आठवड्याचा, महिन्याचा आणि वर्षाचा पैसा शेजारी शेजारी राहतो.

माझ्या घरी एक तारीख होती. वडील शाळेत क्लार्क. पगार देवापुढे ठेवायचे, मग आई किराणा, दूध, फी अशा घड्या करायची. मी आजही एक तारखेलाच सगळी बिलं भरते, नाहीतर चैन पडत नाही. वीस ते तीसच्या आतबाहेरच्या सगळ्यांनी आपलं लिहा. चुकलेलंही लिहा.

विडी घरकुल, वय २४

घरी तेलुगू, शाळेत मराठी. अम्मा विड्या वळायची, अजून वळते. पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, मग मांडीवर सूप. मी सहावीपासून संध्याकाळी पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायला बसायचे. कारखान्यात तपासणारा जुडी उचलून दाबून बघायचा आणि सैल वाटलेल्या विड्या बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीत गेलेल्या विडीची मजुरी नाही, आणि पानं कमी पडली तर पदरच्या पैशानं आणायची. त्यामुळे हजार वळल्या तरी अम्मा हजार कधी धरायची नाही. नऊशेचा हिशोब मनात करूनच उंबरा ओलांडायची. जास्त मिळालं तर येताना भजी.

मला आज २१,००० पगार आहे. मी १९,००० धरते. वरचे दोन हजार पोस्टाच्या आरडीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत जातात, पाच वर्षांच्या. हे मला कुणी शिकवलेलं नाही, ती अम्माची छाट आहे.

पण याची दुसरी बाजूही आहे. दुकानात काही हातात घेतलं की कुणीतरी दाबून बघतंय असं वाटतं आणि मी वस्तू परत ठेवते. गेल्या वर्षी अम्माचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. चांगली लेन्स घ्यायची की साधी, यावर मी दोन रात्री जागले. पैसे होते. तरी जागले, याचं मला अजून वाईट वाटतं.

मूळचा अशोक चौक, आता पुणे, वय २७

ताई, तुमचं वाचून गप्प बसवेना. आमच्याकडे बरोबर उलटं. वडील टॉवेलच्या मागावर, आई कांड्या भरायची. शनिवारी पगार. रविवारी मटण, सोमवारी वहीतली थोडी उधारी फेडायची आणि बुधवारपासून पुन्हा वहीत नाव. मोठा खर्च आला की मालकाकडून उचल. ताईच्या लग्नाला उचल, माझ्या डिप्लोमाला उचल. ती दर शनिवारी थोडी थोडी कापली जायची. उचल म्हणजे कर्ज, असं आमच्या घरात कुणी म्हणायचं नाही. 'उचल आहे अंगावर' एवढंच.

नोकरी लागल्यावर ऑफिसात क्रेडिट कार्डवाला आला. मी फोन घेतला, मित्राच्या लग्नाचा खर्च केला, ६०,००० झाले. बिलात 'किमान रक्कम ३,०००' लिहिलेलं. मला ते ओळखीचं वाटलं. थोडं थोडं कापलं जाणार, काम चालू राहणार. सात महिने मी तीनच हजार भरले. मग एका सहकाऱ्यानं कागदावर मांडून दाखवलं: महिना साडेतीन टक्के म्हणजे २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. म्हणजे तीन हजारांतले मुद्दलात जेमतेम पाचशे बावीस. मालकाच्या उचलीला व्याज नसायचं, पाय अडकायचा. दुसऱ्या मागावर जायचं तर आधी ती फेडा. इथे पाय मोकळा होता आणि व्याज वर्षाला बेचाळीस टक्के.

शेवटी आईनं तिच्या भिशीचा नंबर आधी मागून घेतला आणि ४०,००० दिले. बाकीचे मी दोन महिन्यांत भरून कार्ड बंद केलं. आता पाच तारखेला आईला पैसे पाठवतो, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करते. सुट्टीत हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी आलो की मी आधी ते गोल मोजतो.

(पुन्हा मी, सुरुवात करणारी)

दादा, तो कागद ज्यानं मांडून दाखवला त्याचे आभार. कार्डावर पूर्ण बिल मुदतीत भरलं तर खरेदीवर व्याज लागत नाही, किमान रक्कम भरली तर लागतं. एवढी एक गोष्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला कळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

माळशिरस तालुका, वय २५

आमच्याकडे पैसा वर्षातून एकदा. ऊस तुटून कारखान्यात गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण आमच्या घरात 'बिल आलं का?' एवढाच प्रश्न महिनोन्‌महिने असायचा. चप्पल, दात, चष्मा, सगळं बिल आल्यावर. आता मी सोलापुरात नर्स आहे, दर महिन्याला पगार होतो, तरी दुखरी दाढ मी आठ महिने पुढे ढकलली. कसली वाट बघत होते, सांगता येत नाही.

जुळे सोलापूर, वय २३

माझं चुकलेलं लिहितो. पप्पांनी आयुष्यभराची ठेव एका पतसंस्थेत ठेवली होती. ती बुडाली. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे आम्हाला बुडाल्यावर कळलं. तेव्हापासून घरात 'साठवून काय मिळालं?' हे वाक्य रोज ऐकत मोठा झालो. हळूहळू वाढणाऱ्या पैशावरचा माझा विश्वासच उडाला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी होस्टेलवर ऑप्शन्स, म्हणजे शेअर बाजारात भाव वर जाईल की खाली यावरचे सौदे शिकलो. पहिल्या आठवड्यात ४,००० मिळाले. मग फीसाठी दिलेले ८५,००० चार महिन्यांत गेले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा २०२४ चा अभ्यास नंतर वाचला: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात. पप्पांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. 'माझ्यामुळं झालं का रे?' म्हणाले. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

होटगी रोड, वय २६

सगळ्यांचं वाचलं. माझ्या घरी पैशाची अडचण नव्हती. मी बावीसची असल्यापासून कमावते, पण खात्याला मोबाइल नंबर बाबांचा. एटीएम कार्ड त्यांच्या कपाटात. भावाला अठराव्या वर्षी त्याचं कार्ड मिळालं. मला लागेल तेव्हा मागायचं, आणि ते कधी नाही म्हणाले नाहीत, म्हणून मलाही कधी वावगं वाटलं नाही. लग्न ठरल्यावर कळलं, माझ्या पगारातून महिन्याला किती उरतं हे मला माहीतच नाही. होणाऱ्या नवऱ्यानं विचारलं आणि मी गप्प.

लग्नाआधी पंधरा दिवस बाबांना म्हटलं, 'बाबा, नंबर बदलून घेते.' ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच बरोबर बँकेत आले, अर्ज भरताना शेजारी उभे राहिले. येताना नव्या पेठेत कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेतली. पैसे मी दिले. १८० रुपये गेल्याचा मेसेज माझ्या फोनवर वाजला आणि सवयीनं बाबांनी आपला खिसा चाचपला.