सोनीच्या बॉडीवर टॅमरॉन किंवा सिग्माची एफ/२.८ झूम घ्यावी का?

प्रश्न : रावपुरा

सप्रेम नमस्कार. मी बडोद्यात राहतो आणि हौसेने छायाचित्रण करतो. माझ्याकडे सोनी ए७ थ्री ही बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि तिच्यासोबत मिळालेली २८-७० एफ/३.५-५.६ ही किट लेन्स आहे. माझे बहुतेक काम दिवे लागल्यानंतरचे असते : नवरात्रातला गरबा, दांडियाबाजार आणि मांडवीकडचे गणपती, तसेच गांधी नगरगृहातील मराठी नाटके. ७० मिलिमीटरवर या लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफ/ नंतरचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे) ५.६ पेक्षा मोठे होत नाही. गरब्यातील फेर स्थिर टिपण्यासाठी शटर १/३२० सेकंद ठेवले, की आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १२८०० पर्यंत चढतो आणि चेहऱ्यांवर रवाळपणा येतो. सोनीची स्वतःची २४-७० जीएम टू ही महागडी लेन्स माझ्या आवाक्यात नाही. म्हणून सिग्माची २४-७० एफ/२.८ आर्ट आणि टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी टू यांचा विचार करत आहे. परंतु बाहेरच्या कंपनीच्या लेन्सच्या फोकसवर भरवसा ठेवू नये, असे दुकानातही ऐकतो आणि घरची वडीलधारी मंडळीही "एकदाच घे, पण कंपनीचीच घे" म्हणतात. या सल्ल्यात आज कितपत तथ्य आहे?

उत्तर : छायाप्रकाश

हा सल्ला डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, काळातला आहे आणि त्या काळी तो योग्यच होता. त्या कॅमेऱ्यांत फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा बसवलेला असे, आणि बाहेरच्या कंपन्यांना कॅमेरा व लेन्स यांच्यातील संदेशांची पद्धत बहुधा स्वतःच उलगडून घ्यावी लागे. त्यामुळे डोळ्यांवर फोकस धरावा आणि चित्रात कान स्पष्ट यावेत, असे घडत असे. आपल्या मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीत फोकस प्रत्यक्ष चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून त्या प्रकारची चूक मुळातच उरत नाही. शिवाय सोनीने २०११ मध्ये ई-माउंटची (आपल्या कॅमेऱ्यांना लेन्स जोडण्याच्या पद्धतीची) मूलभूत माहिती इतर उत्पादकांना खुली केली. या दोन्ही लेन्सवर डोळ्यांवरील फोकस व्यवस्थित चालतो.

एक मर्यादा मात्र खरी आहे. सेकंदाला १५ पेक्षा अधिक चित्रे घेणाऱ्या सोनीच्या वेगवान बॉडींवर तो पूर्ण वेग फक्त सोनीच्या लेन्सना मिळतो. ए७ थ्रीचा कमाल वेग १० आहे, त्यामुळे आपल्याला ही अडचण येणार नाही.

आता प्रकाशाचा हिशेब. ५.६ वरून २.८ म्हणजे दोन स्टॉप, अर्थात चौपट प्रकाश : जिथे आज आयएसओ १२८०० लागतो तिथे ३२०० पुरेल. आपल्या कामात हा फरक कोणत्याही कंपनीच्या नावापेक्षा मोठा आहे. त्याची किंमतही समजून घ्यावी. ७५ मिलिमीटरवर, तीन मीटर अंतरावर, एफ/२.८ ला जेमतेम २७ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एका गरबा खेळणाऱ्या मुलीचा चेहरा नेमका येईल, पण पुढे आलेला हात धूसर होईल, आणि मागची ओळ तर हातची जाईलच. समूहाचे चित्र घेताना ४ किंवा ५.६ वरच यावे लागेल.

या दोघींत मी टॅमरॉनकडे झुकतो, कारण ती ५४० ग्रॅमची आहे. सिग्माची पहिली आवृत्ती सुमारे ८३० आणि २०२४ मधली दुसरी सुमारे ७३५ ग्रॅमची आहे. मैदानात रात्रभर उभे राहणाऱ्याच्या मनगटाला हा फरक कळतो. मात्र २४ आणि २८ यांतील अंतर कागदावर दिसते तेवढे लहान नाही. दृश्यकोन ८४ अंशांवरून ७५ अंशांवर येतो, आणि दांडियाबाजारच्या गल्लीतील मांडवात मागे सरकायला जागा नसते. तेव्हा निर्णयापूर्वी आपली जुनी छायाचित्रे संगणकावर उघडून ती कोणत्या मिलिमीटरवर घेतली आहेत ते पाहावे.

उत्तर : सूरसागर

वरील विवेचन गरब्यापुरते मला मान्य आहे, नाटकासाठी नाही. प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगेतून ७५ मिलिमीटरला रंगमंच मिळतो, नटाचा चेहरा मिळत नाही. नाटक हेच आपले मुख्य काम असेल, तर टॅमरॉनची ७०-१८० एफ/२.८ जी टू आधी घ्यावी. तिचे वजन ८५५ ग्रॅम आहे, आणि लेन्समध्येच स्थिरीकरण असल्यामुळे नट थबकलेला असताना शटर बरेच मंद ठेवता येते. गरब्यात मात्र स्थिरीकरण उपयोगी पडत नाही, कारण तिथे हात नव्हे तर माणसे हलत असतात.

नाटकात आवाज टाळण्यासाठी सायलेंट शटर वापरल्यास एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात; शटर १/१०० किंवा १/५० ठेवून पाहावे. नव्या लेन्सवर हा दोष ढकलला जातो, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

उत्तर : कोपरा-तपासणी

कंपनीपेक्षा हाती येणारा नग महत्त्वाचा असतो. झूममध्ये अनेक काचा पुढे-मागे सरकतात आणि त्यांतील एखादी किंचित तिरकी बसली, तर चित्राचा एक कोपरा इतर तीन कोपऱ्यांच्या तुलनेत मऊ येतो. महागड्या लेन्सनाही हा दोष असू शकतो. घेतल्याच्या दिवशीच दिवसाउजेडी सूरसागरच्या काठावर तिवई लावावी, पलीकडच्या इमारतींवर फोकस करून २८, ५० आणि ७५ वर एफ/२.८ ला चित्रे घ्यावीत आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच वेगळा असेल तर नग बदलून मागावा. त्यासाठी बिल पक्के हवे आणि वॉरंटी भारतातली हवी. परस्पर आयात केलेली लेन्स स्वस्त मिळते, पण तिची दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करावी लागते. बडोद्याच्या पावसाळ्यात बुरशीचेही भय आहे. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी.

प्रश्नकर्ता : रावपुरा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुनी छायाचित्रे तपासली. गरब्याची बहुतेक चित्रे ५० ते ७० च्या दरम्यान आहेत, २८ वर फारच थोडी. नाटकांची जवळजवळ सगळी ७० वर घेऊन नंतर कापलेली आहेत. त्यामुळे २४ चा आग्रह सोडला आहे. नवरात्रापूर्वी २८-७५ घेतो आणि ७०-१८० साठी पैसे साठवतो. किट लेन्स विकून टाकावी का?

उत्तर : छायाप्रकाश

विकू नये. तिचे फारसे पैसे येणार नाहीत, आणि २९५ ग्रॅमची ती लेन्स दिवसाच्या प्रवासात उपयोगी पडेल. उलट २८-७५ साठी संरक्षक फिल्टर घेताना तो चांगल्या प्रतीचाच घ्यावा. दोन्ही टॅमरॉन लेन्सना ६७ मिलिमीटरचाच फिल्टर लागतो. पुढे ७०-१८० आली, की गरजेनुसार तोच तिच्यावरही चढवता येईल.