‘महायुद्धात ओढली गेली’ हा प्रयोग कितपत योग्य?

विचारणा :
एका मजकुराचे संपादन करताना पुढील वाक्य समोर आले : ‘मुत्सद्देगिरी अपयशी ठरल्याने आणि आक्रमकता वाढल्याने राष्ट्रे जागतिक महायुद्धात ओढली गेली.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु १९१४ आणि १९३९ या दोन्ही वर्षांना ते सरसकट लावलेले असल्यामुळे त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मला खटकतो. ‘मुत्सद्देगिरी’च्या जागी ‘शिष्टाई’ म्हणावे काय? त्याच मजकुरात ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांच्या ‘अपीझमेंट’ला, म्हणजे हिटलरच्या मागण्या मान्य करून युद्ध टाळण्याच्या धोरणाला, ‘लांगूलचालन’ म्हटले आहे, ते चालेल काय? ‘जागतिक महायुद्ध’ ही द्विरुक्ती तेवढी मी स्वतःच्या जबाबदारीवर काढून टाकली आहे.

प्रतिसाद १ :
‘मुत्सद्दी’ हा शब्द अरबीतून आलेला आहे. हिंदुस्थानी व्यवहारात त्याचा अर्थ कारकून किंवा हिशेबनीस असा राहिला, मराठीत मात्र तो राजकारणाचे डाव जाणणाऱ्या माणसासाठी रूढ झाला. त्यामुळे मुत्सद्देगिरीत स्वपक्षाचा लाभ गृहीत असतो आणि तो लाभ युद्ध टाळूनच मिळवला पाहिजे असे बंधन त्या शब्दावर नाही. शिष्टाईचे तसे नाही. कृष्ण पांडवांच्या बाजूने हस्तिनापुरास गेला, तटस्थ म्हणून नव्हे, हे खरे असले तरी त्याच्या जाण्याचे प्रयोजन युद्ध टळावे हे होते. आणि ती शिष्टाई फळाला न आल्यामुळेच की काय, या शब्दाला मराठीत अपयशाची छाया कायमची चिकटली आहे.

हा भेद १९१४ च्या जुलै महिन्याला लावून पाहावा. २८ जूनला साराजेव्हो येथे ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली आणि तिचा ठपका ठेवून २३ जुलैच्या सायंकाळी ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता दिला. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या; आपल्या भूमीवरील न्यायालयीन चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी सहभागी होणार, ही मागणी मात्र तिने नाकारली. ते उत्तर हाती पडल्यावर अर्ध्या तासाच्या आत ऑस्ट्रियाच्या राजदूताने बेलग्रेड सोडले. दुसऱ्या दिवशी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली यांनी एकत्र बसून तोड काढावी, असा प्रस्ताव मांडला, तोही जर्मनीने मानला नाही. ग्रे यांचा प्रस्ताव ही शिष्टाई होती आणि ती निष्फळ ठरली, हे विधान बिनचूक आहे. ऑस्ट्रियाच्या खलित्याला मात्र अपयशी मुत्सद्देगिरी म्हणता येत नाही, कारण तो नाकारला जावा याच बेताने त्याच्या अटी लिहिल्या होत्या, आणि त्या अर्थाने तो यशस्वीच झाला.

जाता जाता : ‘खलिता’ म्हणजे मूळ अर्थाने पत्र ठेवण्याची थैली, पुढे थैलीतले पत्रच खलिता झाले. ‘निर्वाणीचा’ म्हणजे अखेरचा, त्यापुढे बोलणे नाही असा. ‘अल्टिमेटम’ लिहिण्याची घाई असलेल्यांनी हा शब्दप्रयोग किती नेमका आहे ते पाहावे.

प्रतिसाद २ :
‘लांगूलचालन’ मात्र काढून टाकावे. लांगूल म्हणजे शेपूट. घास टाकणाऱ्यापुढे कुत्रे शेपूट हलवते, त्या चित्रावरून आलेला हा शब्द दुबळ्याने बलवानापुढे स्वतःच्या लाभासाठी केलेल्या लाचारीचा आहे. १९३८ मध्ये ब्रिटन कोणाच्या तुकड्यावर जगत नव्हते. ‘अनुनय’ हा पाठ्यपुस्तकांतला शब्द अधिक जवळचा आहे, कारण रुसलेल्याची समजूत घालण्याचा अर्थ त्यात आहे, आणि म्युनिकपूर्वी ब्रिटिश राज्यकर्ते ‘अपीझमेंट’ हा शब्द याच अर्थाने, जराही संकोच न बाळगता, वापरत असत.

तरीही ‘अनुनय’ पुरा पडत नाही. मनधरणी करणारा माणूस पदरचे काहीतरी देतो, तर म्युनिकमध्ये चेंबरलेन, फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए, हिटलर आणि मुसोलिनी यांनी जो सुडेटन प्रदेश जर्मनीला देऊन टाकला तो चेकोस्लोव्हाकियाचा होता, आणि त्या देशाच्या प्रतिनिधींना वाटाघाटींच्या मेजाशी जागाच नव्हती. यासाठी आपल्याकडे ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ ही म्हण आहे. गंभीर लेखात ती वापरण्यास पुष्कळजण कचरतील, मी वापरीन.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून :
‘तुष्टीकरण’ कसे वाटते? शिवाय म्युनिक येथे करार झाला, त्यावर सह्याही झाल्या, मग तेथे मुत्सद्देगिरी ‘अपयशी’ ठरली असे तरी कसे म्हणावे?

प्रतिसाद २ (पुढे) :
‘तुष्टीकरण’ आता अंतर्गत राजकारणातल्या आरोपांसाठी इतके झिजले आहे की वाचकाचे लक्ष भलतीकडेच जाईल. आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ३० सप्टेंबर १९३८ रोजी करार झाला, युद्ध टळले, आणि सहा महिने पूर्ण होण्यापूर्वी, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन सैन्य चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये, शिरले. वाटाघाटी फसल्या नव्हत्या, करार मोडला गेला. तेव्हा ‘करार मोडला’ असे लिहावे आणि मोडणाऱ्याचे नाव त्याच वाक्यात घालावे.

प्रतिसाद ३ :
‘आक्रमकता वाढल्याने’ या शब्दांना माझा आक्षेप आहे. आक्रमकता हा स्वभाव झाला, आणि खेळाच्या वार्तांकनाने तर तिला गुणाची प्रतिष्ठा दिली आहे. राष्ट्राने काय केले हे सांगायचे तर मराठीत पायऱ्यापायऱ्यांचे शब्द आहेत. मार्च १९३६ मध्ये ऱ्हाइनलँडच्या निर्लष्करी पट्ट्यात जर्मनीने सैन्य घुसवले, ती आगळीक : भूमी जर्मनीचीच होती, उल्लंघन कराराचे होते. ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री ग्लायविट्झच्या नभोवाणी केंद्रावर जर्मनांनीच पोलिश हल्ल्याचा बनाव रचला, ती कुरापत. दुसऱ्या दिवशी पोलंडवर झाले ते आक्रमण.

उरला ‘ओढली गेली’. बेल्जियमला १९१४ मध्ये हा प्रयोग न्याय देतो, कारण १८३९ च्या तहाने त्याच्या तटस्थतेची हमी दिलेली असताना जर्मन सैन्य त्याच्या हद्दीत शिरले. जर्मनीला तो लावला तर कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. ‘युद्ध भडकले’, ‘युद्ध पेटले’ यांतही तीच सोय आहे. मात्र कर्ता परत आणताना क्रियापद जपून निवडावे. ‘जर्मनीने पोलंडविरुद्ध युद्ध पुकारले’ असे सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. १ सप्टेंबरला जर्मनीने न पुकारताच हल्ला केला, युद्ध पुकारले ते ३ सप्टेंबरला ब्रिटन आणि फ्रान्स यांनी. न पुकारण्याची ही रीत तोवर जुनी झाली होती. १९२८ च्या पॅरिस कराराने राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग करण्याचे वचन ज्यांनी दिले, त्यांत जपानही होता, आणि १९३७ पासून चीनमध्ये लाखोंचे सैन्य लढत असतानाही तो त्या लढाईला ‘चीन प्रकरण’ एवढेच म्हणत राहिला.