सोलापुरात ज्येष्ठ पाहुण्यांना एका दिवसात काय दाखवावे?

प्रश्न : होटगी रोडकर

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी मावशी, तिचे यजमान आणि मावशीच्या थोरल्या जाऊबाई मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूरला येत आहेत. तिघांनीही पंचाहत्तरी ओलांडली आहे. मावशीच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. काका सपाट जमिनीवर काठीच्या आधाराने बऱ्यापैकी चालतात, मात्र जिना चढताना त्यांना दम लागतो. जाऊबाईंना मधुमेह असून त्या कानाला यंत्र लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचे असल्याने सोलापूर शहरासाठी एकच दिवस हाताशी आहे.

मी उत्साहाने यादी केली आहे : सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, इंद्रभुवन, डॉ. कोटणीस स्मारक, रूपाभवानी, चादरीचा कारखाना, चाटी गल्लीत खरेदी, नान्नजचे माळढोक अभयारण्य, हत्तरसंग कुडल आणि संध्याकाळी कंबर तलाव. ती वाचून आमच्या सौभाग्यवतींनी "पाहुण्यांना फिरवायचे आहे की पळवायचे आहे?" असे विचारले. आणखी एक अडचण अशी की आमचे घर दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. यातले काय ठेवावे, काय गाळावे आणि कोणत्या क्रमाने जावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : रेल्वे लाईन्सच्या एक निवृत्त शिक्षिका

आपल्या सौभाग्यवतींचे म्हणणे योग्य आहे. यादीतील नान्नज प्रथम काढून टाकावे. अंतर फार नसले तरी तेथे बराच वेळ माळरानाकडे पाहत बसण्याची चिकाटी लागते, आणि माळढोक आता इतका दुर्मीळ झाला आहे की एवढा त्रास घेऊनही तो दिसेल याची शाश्वती नाही. हत्तरसंग कुडल हे भीमा आणि सीना यांच्या संगमावरचे अतिशय सुंदर ठिकाण आहे, परंतु ते शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर असल्याने तेथे जाण्या-येण्यातच अर्धा दिवस संपेल.

उरलेल्यांपैकी महत्त्वाची ठिकाणे सुदैवाने एकमेकांना लागून आहेत. सिद्धेश्वर तलाव, त्याच्या मधोमध असलेले मंदिर, काठावरचा किल्ला, होम मैदान, चार हुतात्म्यांचे पुतळे आणि महापालिकेचे इंद्रभुवन ही सगळी थोडक्या परिसरात येतात, त्यामुळे सकाळचा वेळ या एकाच भागाला द्यावा आणि गाडी तेथून हलवूच नये.

क्रम मात्र उन्हाकडे पाहून ठरवावा. मंदिर सर्वांत आधी घ्यावे, कारण चपला काढल्यानंतर ज्या फरशीवरून चालावे लागते ती डिसेंबरातही दुपारी चांगली तापते. सोमवारी तेथे गर्दी असते, म्हणून शक्यतो तो वार टाळावा. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे की हे केवळ देवदर्शन नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, ते बसवेश्वरांचे समकालीन होते, त्यांची कन्नड वचने आजही म्हटली जातात आणि त्यांची योगसमाधी याच आवारात आहे. एवढी माहिती असली की दर्शन आटोपल्यावर समाधीजवळ निवांत बसण्यातही समाधान मिळते, आणि प्रदक्षिणा पूर्ण झालीच पाहिजे असा आग्रह कोणी धरत नाही.

किल्ला बहमनी काळातला आहे. त्याची दुहेरी तटबंदी, बुरूज आणि पाण्यात पडलेले त्यांचे प्रतिबिंब मंदिराकडूनच उत्तम दिसते. आत बत्तीस खांबी वास्तू आणि मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष आहेत, पण वाट सगळीकडे सारखी नाही. ज्यांना जमेल त्यांनी आत जावे, बाकीच्यांनी किल्ल्यालगतच्या बागेत सावलीत बसावे. मात्र बसणाऱ्यांपैकी कोणालाही एकटे सोडू नये. एकट्या बसलेल्या माणसाला आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होतो असे वाटू लागते आणि पुढचा सगळा दिवस तो "मी गाडीतच थांबतो" असे म्हणत राहतो.

इंद्रभुवन बाहेरूनच पाहावे. आप्पासाहेब वारद यांनी बांधलेल्या या वास्तूची खरी शोभा तिच्या दर्शनी भागातच आहे, आणि ती समोर गाडी उभी करूनही दिसते. चार पुतळ्यांपाशी मात्र दोन मिनिटे थांबावे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. आपल्या पाहुण्यांच्या पिढीने हा इतिहास घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला असतो, त्यामुळे त्यावर बोलणे त्यांना आवडेल.

उत्तर : ज्येष्ठांच्या सहलींचा एक संयोजक

बाईंनी क्रम अगदी नेमका सांगितला आहे. मला वाहनाबद्दल आणि विश्रांतीबद्दल थोडे लिहायचे आहे.

या वयात माणूस चालण्याने जितका थकत नाही तितका गाडीत चढण्या-उतरण्याने आणि चपला काढण्या-घालण्याने थकतो. म्हणून दिवसाची आखणी करताना ठिकाणे किती हे मोजू नये; गाडीतून किती वेळा उतरावे लागेल आणि चपला किती वेळा काढाव्या लागतील हे मोजावे. सकाळी दोनदा आणि दुपारनंतर दोनदा उतरणे झाले, तरी तो दिवस भरगच्च समजावा. त्या हिशेबाने रूपाभवानीचे दर्शन आणि चाटी गल्लीतील खरेदी या दोन्ही गोष्टी मी गाळल्या असत्या. चाटी गल्लीत गाडी दुकानापर्यंत नेणे कठीण असते आणि त्या वर्दळीत काठी घेऊन चालणाऱ्याला धक्का लागण्याची भीती राहते.

वाहन ठरवताना आसनाची उंची पाहावी. फार खाली बसावे लागणारी छोटी मोटार मावशींच्या गुडघ्याला त्रासदायक ठरेल, आणि फार उंच गाडी काकांना चढवणार नाही. बसताना गुडघ्यापेक्षा आसन किंचित वर असेल अशी गाडी निवडावी, मावशींना चालकाशेजारी बसवावे आणि आसन पूर्ण मागे सरकवून घ्यावे. आधी पाठमोरे बसायचे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, ही रीत त्यांना शस्त्रक्रियेनंतर शिकवलेली असणारच. चालकाला मात्र तेवढा वेळ थांबण्याची सूचना आदल्या दिवशीच द्यावी. गाडीत एक प्लॅस्टिकचे बसके स्टूल ठेवले तर पाय ठेवायला पायरी म्हणून आणि देवळाबाहेर चपला काढताना बसायला, असे दोन्हीकडे ते उपयोगी पडते.

जाऊबाईंना मधुमेह आहे, म्हणून देवळात त्यांनी जाड सुती मोजे घालावेत. अनेक मधुमेही व्यक्तींच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे चटका बसला किंवा खडा रुतला तरी लगेच कळत नाही. रात्री झोपण्यापूर्वी तळपाय एकदा पाहून घ्यायला सांगावे. जेवणाची वेळ चुकवू नये, आणि साखर एकाएकी उतरलीच तर हाताशी असावी म्हणून साखर किंवा ग्लुकोज गाडीत ठेवावे.

घर दुसऱ्या मजल्यावर असल्याने दुपारच्या विश्रांतीसाठी पाहुण्यांना वर चढवू नये. स्टेशन परिसरात किंवा सात रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावरची खोली घ्यावी आणि ती सकाळी गाडी पोहोचण्याच्या वेळेपासूनच आपल्या ताब्यात राहील असे ठरवून घ्यावे. केवळ लिफ्ट आहे एवढ्यावर समाधान मानू नये. एका हॉटेलात लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठीच पाच पायऱ्या चढाव्या लागत होत्या आणि फोनवर ते कोणीच सांगितले नव्हते. प्रत्यक्ष जाऊन पायऱ्या, बसण्याचा कमोड, न्हाणीघरातील फरशीचा गुळगुळीतपणा आणि धरायला काही आहे का, एवढे पाहून यावे. रात्रभराच्या प्रवासानंतर आंघोळ, नाश्ता आणि तासभर पडणे झाल्याशिवाय बाहेर पडू नये, आणि दुपारी एक ते चार ही वेळ पूर्णपणे खोलीसाठी राखावी. रेल्वे स्थानकावर चाकांच्या खुर्चीची गरज वाटत असेल तर आधी चौकशी करून ठेवावी; गाडी फलाटाला लागल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो.

उत्तर : पूर्वभागकर

चादरीचा कारखाना यादीतून काढू नये, अशी माझी विनंती आहे. सोलापुरात येऊन चादर विकत घेणे कोणालाही जमते, पण ती विणली जाताना पाहण्याची संधी मुंबईच्या माणसाला सहसा मिळत नाही. पूर्व भागात अजूनही गल्लोगल्ली यंत्रमाग चालतात आणि ओळखीतून विचारल्यास बहुतेक कारखानदार आनंदाने दाखवतात. मागांची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्यावी.

आत गेल्यावर मागाच्या वरच्या बाजूला पाहायला सांगावे. तेथे जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेला, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ लटकत असते. एकेक पुठ्ठा पुढे सरकतो, त्याच्या भोकांप्रमाणे ताण्याचे, म्हणजे उभे, ठरावीक धागे वर उचलले जातात, खालून आडवा धागा घेऊन धोटा निघून जातो आणि बोटभर पट्टीत मोराच्या पिसाऱ्याची एक रेघ उमटते. काकांना यंत्राची आवड असेल तर ते तेथून लवकर निघणार नाहीत.

तरीही दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ आत थांबू नये. आवाज इतका असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून जाऊबाईंनी कानाचे यंत्र आत शिरण्यापूर्वीच काढून डबीत ठेवावे. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, त्यामुळे काकांनी तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधावा. जिन्यावरचा कारखाना टाळावा आणि रस्त्याला लागून तळमजल्यावर असलेला निवडावा. चादरी आणि टॉवेल तेथेच किंवा जवळच्या दुकानात घेता येतात, म्हणजे खरेदीसाठी वेगळी फेरी होत नाही. परतताना पाहुण्यांना सोलापूरच्या जुन्या कापड गिरणीचाही विषय सांगावा. १८७७ मध्ये ती सुरू झाली आणि पुढे गावाचे घड्याळ तिच्या भोंग्यावर चालू लागले.

होटगी रोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तळमजल्याची खोली उद्याच पाहून येतो. एक पेच मात्र शिल्लक आहे. काकांना शिलालेखांची आवड असून त्यांनी फोनवर हत्तरसंग कुडलचे नाव स्वतः काढले. मावशी आणि जाऊबाईंना त्यात फारसा रस नाही. अक्कलकोटला जाताना वाटेत तेथे जाता येईल का?

उत्तर : रेल्वे लाईन्सच्या एक निवृत्त शिक्षिका

वाटेत येणार नाही. अक्कलकोटचा रस्ता वेगळा आहे आणि कुडलला मंद्रूपच्या बाजूने जावे लागते. दोन्ही एका दिवसात बसवले तर स्वामींच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहण्याचे त्राण कोणालाच उरणार नाही.

काकांची इच्छा समजण्यासारखी आहे. संगमेश्वर मंदिरातील शके ९४० चा लेख मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांत गणला जातो, आणि तेथील बहुमुखी शिवलिंगावर ३५९ मुखे व मूर्ती कोरलेल्या आहेत. यावर दोनच मार्ग मला दिसतात. मुक्काम एका दिवसाने वाढवता येत असेल तर अक्कलकोटनंतरच्या सकाळी केवळ काकांना आपण घेऊन जावे आणि दोघी बहिणींसारख्या जावांना आपल्या सौभाग्यवतींबरोबर गप्पा मारू द्याव्यात. मुक्काम वाढणार नसेल तर या खेपेला स्पष्ट नाही म्हणावे. "पाहू, वेळ मिळाला तर जाऊ" असे म्हटले की काकांचे दिवसभर घड्याळाकडेच लक्ष राहील.

शहरातल्या दिवशी त्यांच्यासाठी दुपारनंतर डॉ. कोटणीस स्मारक ठेवावे. भैय्या चौकाजवळचे ते जन्मघर फार मोठे नाही, त्यामुळे चालण्याचा प्रश्न येत नाही. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला एक तरुण डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला जातो आणि १९४२ मध्ये तेथेच देह ठेवतो, ही कथा तिघांनाही ठाऊक असेल. ९ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन असल्याने आपले पाहुणे नेमके त्याच सुमारास येत आहेत. स्मारक उघडे असण्याची वेळ मात्र आदल्या दिवशी विचारून घ्यावी. तेथून कंबर तलावावर जाऊन सूर्यास्तापूर्वी अर्धा तास बसावे. सूर्य कलला की हवा एकदम गार होते, म्हणून शाली गाडीत असू द्याव्यात.

उत्तर : बाळीवेशीतील एक गृहिणी

जेवणाचा विषय कोणीच काढला नाही, म्हणून लिहिते. सोलापूरला आलेल्या पाहुण्यापुढे हौसेने कडक भाकरी ठेवली जाते आणि कवळी लावणारा माणूस संकोचाने ती न खाता ताटात तशीच ठेवतो. ती कुस्करून शेंगांच्या गरम आमटीत भिजवून द्यावी. पाच मिनिटांत मऊ होते आणि चवही खरी तेव्हाच लागते. शेंगाचटणी तिखट असते, तिच्यावर घट्ट दही घालून द्यावे. गव्हाची हुग्गी (खीर) गुळाची असल्याने जाऊबाईंना चमचाभरच पुरे. हुरड्याचे दिवस जवळ आलेले असतात, पण दातांचा विचार करता कोवळा मिळाला तरच द्यावा.

दुपारचे जेवण हॉटेलात घेण्याऐवजी आपण घरून डबा करून खोलीवर न्यावा, असे मला वाटते. पाहुण्यांना जिना चढावा लागत नाही, तिखट-मिठाचा अंदाज आपल्या हातात राहतो आणि जेवल्याबरोबर आडवे होता येते. रात्री हलका मुगाचा भात पुरेसा आहे, कारण सकाळी पुन्हा लवकर निघायचे आहे. कडक भाकऱ्या आणि चटणीचे पाकीट मात्र परतीच्या सामानात नक्की बांधून द्यावे. कोरड्या डब्यात त्या बरेच दिवस टिकतात, फक्त पिशवी वरच्या बाजूला ठेवावी, नाहीतर चादरींच्या वजनाखाली त्यांचा चुरा होतो.